गारमावशीचा चटका

गारमावशी हे नाव तिला प्रेसखोलीने दिले. एका मोठ्या लाँड्रीतली ती लांबट खोली. इस्पितळांच्या चादरी, हॉटेलांची टेबलवस्त्रे, कारखान्यांचे गणवेश तिथे ओलसर येत आणि कडक, शुभ्र, घडीबंद होऊन जात. वाफेवर चालणाऱ्या प्रेसची रांग, प्रत्येक प्रेसला खालचे गादीदार फळकूट आणि वरचे तापलेले झाकण. चादर पसरायची, पायाने पेडल दाबायचे, झाकण खाली यायचे, वाफ सुस्कारायची, झाकण वर जायचे. पुन्हा चादर, पुन्हा पेडल, पुन्हा सुस्कारा. सगळ्या बायकांत गारमावशी सर्वांत जुनी. भल्या सकाळी हातपाय धुऊन, क्षणभर हात जोडून ती प्रेसपुढे उभी राहायची, आणि मग तिच्या हाताला खळ नसायचा.

त्या खोलीत एक खेळ चाले. चटका बसल्यावर जिच्या तोंडून “स्स” निघेल, ती त्या दिवसापुरती ‘मेण’. मेणाच्या खांद्यावर ओला पंचा टाकायचा आणि दिवसभर तिला जपण्याचे सोंग करायचे. “मेणबाई, दिव्यापासून जरा लांब बरं.” “अगं, तिला हळू बोला, वितळेल ती.” “घरी जाताना सावलीसावलीने जा गं.” पंचा घेतलेलीही हसायची, कारण न हसणारी दुसऱ्या दिवशीही मेणच राहायची. हा खेळ कुणी सुरू केला ते कुणाला आठवत नव्हते. मात्र एवढे सगळ्यांना ठाऊक होते की गारमावशीच्या खांद्यावर तो पंचा कधीही पडला नाही. चटका बसला तरी ती ओठ मिटायची आणि पुढची चादर ओढायची. हात झटकणे नाही, फुंकर नाही. म्हणून ती गार.

आणि चटके का बसत? खिडकीजवळच्या प्रेसच्या वाफनळीचा सांधा सैल झाला होता. झाकण खाली आले की तिथून वाफेची बारीक जीभ बाहेर यायची आणि उभ्या असलेल्या बाईच्या डाव्या हाताला चाटून जायची. त्या प्रेसवर ज्या ज्या उभ्या राहिल्या, त्या साऱ्यांच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत तपकिरी डागांची माळ होती. मुकादमाला हे दिसत होते. तो दुष्ट नव्हता. कुणी आजारी पडले तर चौकशीला जाणारा, हसतमुख माणूस. सांध्याचा विषय निघाला की तो म्हणायचा, “तक्रार आली की बघू.” आणि तक्रार येत नसे.

येणार कशी? तक्रार करणारी मेण ठरत होती. वाचकहो, इथे जरा थांबावे आणि विचारावे, की हा खेळ खेळत कोण होते, आणि जिंकत कोण होते? ज्या खोलीत ‘दुखते’ हा शब्दच थट्टेचा होतो, त्या खोलीत सांधा दुरुस्त करायची गरज कुणाला भासणार? बायका हसत होत्या, सांधा गळत होता, आणि जी सर्वांत जास्त भाजत होती तिचे कौतुक सर्वांत जास्त होत होते. असे कौतुक ऐकले की तळपायाची आग मस्तकाला जाते.

घरीही तेच. तिचा नवरा कोपऱ्यावरच्या टपरीत किल्ल्या बनवायचा. साधा, प्रेमळ, बोलका माणूस. बायकोचा त्याला अभिमान होता आणि तो अभिमान तो गिऱ्हाइकांना किल्लीबरोबर फुकट द्यायचा. “आमची ही उकळतं भांडं उघड्या हातानं उतरवते. फडकं लागत नाही तिला.” वरच्या मजल्यावर नणंद राहायची, शिवणकाम करणारी, जिभेलाही सुईचे टोक असलेली. ती आपल्या गिऱ्हाइकांना सांगायची, “वहिनी म्हणजे सोशिक. बाळंतपणात शेजारच्या खोलीत मी बसले होते, मला कळलंसुद्धा नाही.” घरात शंका घेणारी एकच होती. लेक. ती चष्म्याच्या दुकानात नोकरी करायची, आणि लोकांना नीट दिसावे एवढेच तिचे दिवसभराचे काम असल्यामुळे असेल, तिला घरातलेही दिसायचे.

एकदा स्वयंपाकघराच्या दारात मायलेकींची धडक झाली. लेकीचे कोपर आईच्या छातीला डाव्या बाजूला लागले. आईचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला आणि तोंडातून अवाक्षर नाही.

“आई, काय झालं?”

“काही नाही. कोपर लागलं तुझं.”

“माझं कोपर इतकं धारदार नाही. बघू दे.”

“बघायचं काय त्यात? जा, उशीर होईल तुला.”

“होऊ दे. बघू दे म्हटलं ना.”

बघितले, तेव्हा गाठ होती. लिंबाएवढी, टणक, आत रुतलेली. सुईने तपासणी झाली, अहवाल आला, आणि जे नको होते तेच निघाले. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई शांतपणे बोलणाऱ्या होत्या. त्यांनी विचारले, “ही कधीपासून आहे?”

“झाले असतील काही महिने.”

किल्लीवाल्याने खुर्ची मागे सारली. “महिने? आणि मला नाही सांगितलंस?”

“सांगण्यासारखं काय होतं? दुखत नव्हती.”

हे उत्तर नीट ऐकावे. गाठ दुखत नव्हती, म्हणून सांगण्यासारखे काही नव्हते. चटका दुखत होता, तरी सांगण्यासारखे काही नव्हते. मग या बाईने बोलायचे केव्हा? देवाने माणसाला कंठ दिला, जीभ दिली, आणि वेदनेला निरोप्या करून पाठवले. त्या निरोप्याला दारातूनच परत लावायला हिला शिकवले कुणी? एकट्या कुणी नाही. सगळ्यांनी मिळून, थोडे थोडे, हसत हसत, पाठ थोपटत.

डॉक्टरीणबाईंनी उपचाराची वाट समजावून सांगितली. गाठ मोठी होती. आहे तशीच काढायची तर सगळा स्तन काढावा लागेल. आधी औषधांनी ती लहान झाली तर फक्त गाठ काढून भागेल. त्या इस्पितळात आणखी एका उपचाराचा अभ्यास चालू होता: औषधांच्या जोडीला मायक्रोवेव्हची उष्णता. “गाठीत पाणी जास्त असतं, भोवतालच्या चरबीत कमी,” त्या म्हणाल्या. “त्यामुळे या लहरी सोडल्या की गाठ आधी तापते. कडक तापापेक्षाही थोडी जास्त, आणि काही वेळ तशीच धरून ठेवायची. त्यानं ती कमजोर होते आणि औषध आत जास्त पोचतं, अशी अपेक्षा आहे. अजून अभ्यासच आहे हा. खात्री देणार नाही मी.”

घरी ही बातमी वरच्या मजल्यापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. नणंद टेप गळ्यात तशीच ठेवून खाली आली.

“म्हणजे शिळं अन्न गरम करतात त्या डब्यात वहिनीला घालणार?”

“डब्यात नाही हो, आत्या,” लेक म्हणाली.

“मग दार कुठून लावतात?”

“वन्सं, दार तुमच्याच बाजूनं उघडं राहील,” गारमावशी म्हणाली, “मधे डोकावून बघा, शिजले का ते.”

सगळे हसले. किल्लीवाला सर्वांत मोठ्याने. आणि पुढच्या भेटीत त्याने डॉक्टरीणबाईंनाही ऐकवले, “बाई, उष्णतेचं हिला काही सांगू नका. तुमचं यंत्र दमेल, ही दमणार नाही.”

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. “दमायचं कुणीच नाही,” त्या म्हणाल्या. “फक्त सांगत राहायचं.”

ते वाक्य घरातल्या कुणाच्याही कानात राहिले नाही.

त्याच संध्याकाळी लेकीने आईला विचारले होते, “तुला स्वतःला काय हवंय?” आईने घडी घालत असलेला टॉवेल उलगडला आणि पुन्हा घातला. मग खाली मान घालून म्हणाली, “मला आख्खी राहायचंय.” एवढेच. आयुष्यात तिने स्वतःसाठी मागितलेली ती पहिली गोष्ट असावी. देवापुढे हात जोडतानाही ती नेहमी दुसऱ्यांचीच नावे घेत आली होती.

उपचाराची खोली थंड होती. मधोमध एक उंच, अरुंद मंच. त्याला छातीच्या जागी गोल खिडकी. बाईने पालथे झोपायचे. खालच्या बाजूने दोन पारदर्शक पट्ट्यांत स्तन हळुवार धरायचा, सुन्न करून गाठीत तारेसारखी बारीक सळई सरकवायची. ती आतले तापमान सांगे. कातडीवर चिकटवलेले सेन्सर बाहेरचे सांगत, आणि छोटे पंखे कातडी गार ठेवत. यंत्र चालवणारी बाई तरुण, चटपटीत. तिला सगळे यंत्रताई म्हणत. ती मंचाशेजारी वाकून म्हणाली, “मावशी, सेन्सर जिथं चिकटवलाय तिथलंच सांगतो. दोन सेन्सरच्या मधलं तुम्हीच सांगायचं. तुमचा चेहरा खाली असणार, मला दिसणार नाही. म्हणून बोलायचं. टोचलं, भाजलं, ओढलं, काहीही.”

“बरं.”

यंत्र गुणगुणू लागले. आधी ऊब आली, खोलवर, परक्या तापासारखी. मग स्तनाखालच्या दुमडीजवळ, पट्टी जिथे कातडीला टेकत होती तिथे, एक लहानसा ठिपका पेटला. तिने तो लगेच ओळखला. अगदी खिडकीजवळच्या प्रेसची वाफेची जीभ.

“मावशी, भाजतंय का?”

“नाही गं. गारच आहे.”

“नक्की?”

“नक्की.”

यंत्रताईने थोड्या वेळाने पुन्हा विचारले, आणि पुन्हा विचारले. दर वेळी तेच उत्तर. ठिपक्याचा सुरा झाला, सुऱ्याचा निखारा झाला, आणि गारमावशी पालथी पडून, ओठ मिटून, मंचाची कड घट्ट धरून राहिली. तिच्या मनात त्या वेळी काय होते, ते तिने पुढे लेकीला सांगितले. तिला वाटत होते, गाठ जळायची तर थोडे आपणही जळणार. जितके जास्त भाजेल तितका गुण जास्त. आणि बोलले तर यंत्र बंद करतील, गाठ तशीच राहील, मग सगळेच कापतील. म्हणून ती सोसत होती. ज्या एका गोष्टीची तिला आस होती, ती गोष्ट ती स्वतःच्या हाताने, नव्हे, स्वतःच्या मौनाने, भाजून टाकत होती. प्रेसखोलीत घडलेल्या बाईखेरीज ही चूक दुसरे कोण करील? चटका म्हणजे काम चालू असल्याची खूण, हे तिथेच शिकवले जाते.

घरी गेल्यावर फोड आला. फुटला. तिने त्यावर मऊ कापड बांधले आणि मिठाची गुळणी धरली. दुसऱ्या उपचाराच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी ते कापड सोडले.

“हे कुठं झालं?”

“इथंच. त्या दिवशी.”

यंत्रताईचा चेहरा उतरला. “मावशी, मी विचारत होते ना?”

“हो. सारखी विचारत होतीस.”

“मग?”

गारमावशी सुटलेल्या कापडाची घडी घालू लागली.

डॉक्टरीणबाईंनी आधी यंत्रताईला सांगितले की दुमडीपाशी यापुढे आणखी एक सेन्सर लावायचा. विचारून भागत नाही, हा आपलाही धडा आहे. मग त्या मावशीसमोर बसल्या. “जखम भरेपर्यंत उष्णता बंद. औषधं चालू राहतील. जखम भरली तर आणखी एकदा प्रयत्न करू. पुन्हा असं झालं तर मी हा उपचार थांबवीन. मग केवळ औषधांवर गाठ किती लहान होईल ते मला सांगता येत नाही.” मग सगळा स्तनच काढावा लागेल, हे त्यांनी बोलून दाखवले नाही, पण सर्वांना समजले.

आता घरातला प्रसंग. नणंदेने भाजल्याची हकीकत ऐकली आणि तिचे डोळे भरून आले. खरोखर भरून आले, त्यात खोटे काही नव्हते. ती म्हणाली, “धन्य आहे वहिनींची. एवढं भाजलं, पण हूं की चूं नाही. अशी माणसं आता राहिली नाहीत.”

लेक भांडी विसळत होती. तिने नळ बंद केला.

“आत्या, अशी माणसं जगतच नाहीत. म्हणून राहिली नाहीत.”

“अगं, मी कौतुकानं म्हणते आहे.”

“तेच तर. तुमच्या कौतुकानं आईची छाती भाजली. बाबा टपरीत बसून कौतुक करतात, तुम्ही वरच्या मजल्यावर करता, तिकडे मुकादम करतो. सगळे टाळ्या वाजवताय आणि ती आत जळते आहे. तिला एकदा तरी विचारा ना, की बाई गं, लागलं का?”

“मी विचारलं नाही असं कसं म्हणतेस?” किल्लीवाला पुटपुटला.

“कधी विचारलं, बाबा?”

तो आठवू लागला. बराच वेळ आठवत राहिला. त्या माणसाला आठवले नाही, आणि आठवले नाही हे त्याच्या तोंडावर दिसले. नणंद टेपची गुंडाळी करीत जिना चढून गेली.

लेकीचा राग अनाठायी होता असे कुणाला वाटत असेल, तर त्याने सोशिकपणाचे गोडवे गाणाऱ्या तोंडांकडे एकदा नीट पाहावे. ती तोंडे जवळजवळ नेहमी दुसऱ्याच्या सोसण्याविषयी बोलत असतात. स्वतःच्या बोटाला सुई टोचली की नणंदेचा आवाज रस्त्यापर्यंत जाई. सहनशीलता हा सद्गुण खरा, पण तो ज्याचा त्याने स्वतःहून घ्यायचा; दुसऱ्याच्या गळ्यात हारासारखा घालून त्याच हाराने त्याचा गळा आवळायचा, याला भक्ती म्हणत नाहीत, याला माया म्हणत नाहीत. देव माणसाच्या हाकेला धावतो असे आपण म्हणतो. मग हाक मारणाऱ्याला आपण हसतो कशासाठी?

जखम भरत होती त्या दिवसांत किल्लीवाला एका सकाळी वाफाळत्या चहाचा कप घेऊन बायकोसमोर बसला. कपाचा तळ तिच्या तळहाताजवळ धरून म्हणाला, “चल, सराव करू. आता भाजतंय?”

“नाही.”

“आता?”

“कोमट लागतंय.”

“आता?”

“नाही हो.”

“आई आई गं,” तो म्हणाला आणि कप आदळला. “अगं, मला भाजतंय. कप मी धरलाय.”

गारमावशी हसली. हसता हसता तिने त्याची लाल झालेली बोटे ओल्या फडक्यात धरली. “तुम्हाला किती पटकन म्हणता येतं,” ती म्हणाली.

“त्यात म्हणायचं काय? निघतंच तोंडातून. तुला कोण अडवतं?”

“गळ्यापर्यंत येतं. तिथून माघारी जातं.”

“कुलूप असतं तर आत्ता तेल सोडलं असतं मी.” मग बोटांकडे पाहत म्हणाला, “फडकं लागत नाही तुला, असं मी सांगत फिरायचो. लागायचं का गं?”

शब्द तिच्या गळ्यापर्यंत आला. पण या वेळी तो माघारी गेला नाही. “लागायचं,” ती म्हणाली.

दुसऱ्यांदा मंचावर जाण्याआधी डॉक्टरीणबाई तिच्याजवळ उभ्या राहिल्या. तिने धीर करून विचारले, “मी बोलले तर बंद करणार ना तुम्ही?”

“बंद कशाला? पंखा वळवू, जोर कमी करू, पट्टी सरकवू. चालूच ठेवू.”

“म्हणजे थांबणार नाही?”

“थांबायला लागू नये म्हणूनच बोलायचं, मावशी. तुम्ही गप्प बसलात म्हणून तर मागच्या वेळेपासून थांबलोय.”

ही साधी गोष्ट तिला आजवर कुणी सांगितली नव्हती. बोलल्याने काम मोडत नाही, बोलल्याने काम पुढे जाते. किती उशिरा पोचली ती तिच्यापर्यंत.

ती पालथी झोपली. पट्ट्या आल्या, सळई आली, दुमडीपाशी नवा सेन्सर आला. यंत्र गुणगुणू लागले. ऊब चढली, आणि काही वेळाने तोच ठिपका, त्याच दुष्ट नेमाने, पुन्हा पेटू लागला. नव्या सेन्सरच्या आणि जुन्या व्रणाच्या मधोमध. यंत्रताईच्या पडद्यावर सगळे आकडे ठीक होते. ओठ मिटले. मंचाची कड हाताला आली. बाहेर बाकावर नवरा आणि लेक बसले होते, पण त्यांचा इथे काय उपयोग? तिने मनात देवाला हाक मारली. पहिल्यांदाच दुसऱ्या कुणासाठी नव्हे. म्हणाली, देवा, माझ्या तोंडून एवढा एक शब्द काढ.

“चटका.”

आवाज इतका बारीक होता की यंत्रताईने पंख्याच्या घरघरीतून तो जेमतेम टिपला. “काय म्हणालात, मावशी?”

“चटका बसतोय.”

“कुठं?”

“खाली. दुमडीजवळ. मागच्या जागेच्या जरा आतल्या अंगाला.”

पंखा वळला. जोर उतरला. थंड वाऱ्याची झुळूक बरोबर त्या ठिपक्यावर येऊन बसली. “आता?”

“आता बरंय.” आणि मग, उशीत खुपसलेल्या तोंडाने, “थांबवलं नाहीस ना?”

“चालू आहे. गाठीचं तापमान जिथं हवं तिथंच आहे.”

त्यानंतर काय झाले म्हणता? बांध फुटला. मान अवघडली आहे, सांगून झाले. मंचाची कड बरगडीला रुततेय, सांगून झाले. पावले गार पडली आहेत, कुणीतरी त्यांवर पांघरूण घाला. ही उशी कुणी शिवली, वन्संना दाखवली तर त्या फाडून पुन्हा शिवतील. सुई टोचणाऱ्या बाईचा हात जड आहे, नाव सांगू नकोस पण सांग. मधेच ती रडली, मधेच हसली, आणि अधूनमधून कामाचेही सांगत राहिली: आता डावीकडे, आता बरं, आता पुन्हा जरा. यंत्रताईचे हात भराभर चालत होते. शेवटी ती म्हणाली, “मावशी, मधे श्वास घ्या.” त्या दिवशी उष्णता ठरल्याप्रमाणे पूर्ण झाली, आणि कातडीवर फक्त लाली उमटली, जी संध्याकाळपर्यंत मावळली.

पुढची औषधे झाली. गाठ आक्रसत गेली आणि शस्त्रक्रियेत तेवढीच निघाली. बाई आख्खी राहिली. डॉक्टरीणबाईंनी बढाई मारली नाही. “औषधानं किती आणि उष्णतेनं किती, हे एका माणसावरून सांगता येत नाही,” त्या म्हणाल्या. “अजून तपासण्या आहेत, गोळ्या आहेत. आणि एक सांभाळा. काखेतल्या काही ग्रंथी काढल्यात. डाव्या हाताला आता जपायचं. जखम नको, चटका तर मुळीच नको. तो हात सुजला तर कायमचा सुजेल.”

ती कामावर परतली, तेव्हा मुकादमाने प्रेसखोलीत सगळ्यांना जमवले. फुले दिली आणि भाषण केले. “गारमावशीकडून शिका. एवढं दुखणं आलं, इस्पितळात भाजलं, पण तोंडातून ब्र काढला नाही.” बायकांनी टाळ्या वाजवल्या. गारमावशीने फुले खिडकीत ठेवली. प्रेसपाशी कुणीतरी जागा करून दिली ती तिची नेहमीचीच, खिडकीजवळची.

तिने बाही मनगटापर्यंत ओढून घेतली. चादर पसरली. पेडलवर पाय ठेवला. झाकण खाली आले, सांध्यातून जीभ सुटली आणि कापडातून हाताला लागली.

“स्स,” गारमावशी म्हणाली. मोठ्याने.

रांगेतल्या सगळ्या माना वळल्या. शेजारच्या प्रेसवर एक जण होती, चटका बसला की चोरून बोटांवर फुंकर मारणारी, म्हणून तिला फुंकणी म्हणत. सवयीने तिचा हात ओल्या पंच्याकडे गेला, आणि हवेतच थांबला. टाकायचा कुणाच्या खांद्यावर? गारमावशीने तिच्या हातातून पंचा घेतला आणि गळणाऱ्या सांध्याभोवती करकचून गुंडाळला.

“मुकादम, हा सांधा दुरुस्त होईपर्यंत इथं कुणी उभी राहणार नाही.”

“अहो, आज माल जायचाय. आणि मावशी, तुम्हाला तर कधी चटका बसत नव्हता.”

“बसायचा,” ती म्हणाली. “नेहमीच बसायचा.”

फुंकणीने पेडलवरून पाय काढला आणि डावी बाही वर केली. मग तिच्या पलीकडचीने केली. मग तिच्याही पलीकडचीने. मुकादम त्या हातांकडे पाहत राहिला. ते डाग तो रोज पाहत होता. आज पहिल्यांदा त्याला ते कुणीतरी दाखवले होते. मग तो बाहेर गेला.

थोड्या वेळाने मिस्त्री पिशवी घेऊन आला. बायका भिंतीपाशी बसून चहा पीत होत्या. त्याने ओला पंचा सोडला, वाफ बंद केली, झिजलेली वॉशर काढून नवी बसवली, सांधा आवळला आणि हात पुसले. झाले. वर्षानुवर्षे भाजलेल्या त्या साऱ्या हातांची दुरुस्ती एवढीच होती. बायकांचा चहा अजून संपला नव्हता.